वाफ, दाते आणि दोर : लुसर्नची सैर

मुंबई-पुण्याहून युरोपला निघणाऱ्या बऱ्याच सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस सरोवराकाठी थांबते, मंडळी लाकडी पुलावर फोटो काढतात, दगडातला सिंह बघून येतात, घड्याळं आणि चॉकलेटच्या दुकानांत तासभर कसा जातो ते कळत नाही, आणि गाडी टिटलिस डोंगराच्या वाटेला लागते. ज्याला सात देश बारा दिवसांत उरकायचे आहेत त्याने याहून वेगळं काय करावं? पण लुसर्नची खरी गंमत या अर्ध्या दिवसात हाती लागत नाही. कारण इथे बघायचं ठिकाण आणि तिथे पोचायचं साधन अशी वाटणीच नीट करता येत नाही. चाकांची आगबोट, दातेरी रुळांवरून डोंगर चढणारी गाडी, दोरावरून सरकणारी केबिन ही सगळी पर्यटकांना कुठे तरी न्यायला म्हणून आली, आणि आता लोक मुद्दाम त्यांच्यासाठीच येतात.

शहर तसं लहान. लोकसंख्या ८० हजारांहून थोडी जास्त. लेक लुसर्न हे सुमारे ११४ चौरस किलोमीटरचं, हात-पाय पसरल्यासारखं वेडंवाकडं सरोवर. त्याच्या वायव्य टोकाला रॉइस नदी बाहेर पडते आणि तिच्या दोन्ही काठांवर लुसर्न वसलं आहे. झुरिकहून आगगाडीने पाऊण-एक तासात इथे पोचता येतं. स्टेशनच्या बाहेर पडल्यावर समोर एक भलीमोठी दगडी कमान एकटीच उभी दिसते. ती १८९६ च्या जुन्या स्टेशनची. ते स्टेशन १९७१ मध्ये आगीत गेलं, कमान तेवढी वाचली. नव्या स्टेशनचा दर्शनी भाग सान्तियागो कालात्राव्हा यांनी रचला. कमान ओलांडली की बोटींचे धक्के. स्टेशन, बसथांबा आणि बंदर, सगळं चार-पाच मिनिटांच्या चालीत. वाहनांच्या शहराला शोभेल अशीच ही मांडणी.

चॅपल ब्रिज हा लुसर्नचा चेहरा. चौदाव्या शतकात बांधलेला, वर कौलारू छप्पर असलेला, नदी तिरपी ओलांडणारा लाकडी पूल. आज त्याची लांबी दोनशे मीटरच्या आसपास आहे, पूर्वी याहून बरीच जास्त होती. तो मुळात शहराच्या तटबंदीचा भाग होता. सरोवराकडून येणाऱ्या शत्रूला अडवायचं आणि वरून आपली माणसं हिंडवायची, असा दुहेरी उपयोग. सतराव्या शतकात छपराच्या खालच्या त्रिकोणांत शहराच्या इतिहासाची आणि संतांच्या कथांची चित्रं बसवली गेली. १८ ऑगस्ट १९९३ रोजी मध्यरात्रीनंतर पुलाने पेट घेतला आणि मधला बराचसा भाग जळून नदीत कोसळला. शंभराहून जास्त चित्रांपैकी मोजकीच पूर्ववत करता आली. आठ महिन्यांत, एप्रिल १९९४ मध्ये, पूल पुन्हा खुला झाला. म्हणजे ‘युरोपातला सर्वांत जुना छप्पर असलेला लाकडी पूल’ म्हणून ज्याच्यावर आपण उभे असतो, त्यातलं बरंचसं लाकूड विसाव्या शतकाच्या शेवटाचं असतं. पुलाला खेटून पाण्यात उभा असलेला अष्टकोनी बुरूज मात्र अस्सल जुना, पुलाच्याही आधीचा. तुरुंग, छळाची खोली, खजिना, दप्तरखाना अशी सगळी कामं त्याने करून झाली आहेत.

गर्दी इथेच असते. नदीच्या प्रवाहाबरोबर पाच-सात मिनिटं चालत गेलं की स्प्रॉयर ब्रिज लागतो, आणि तिथे बऱ्याचदा शांतपणे उभं राहता येतं. गिरण्यांतला कोंडा-भुसा नदीत टाकायला फक्त याच पुलावरून परवानगी होती, कारण शहरातला प्रवाहाच्या दिशेचा हा शेवटचा पूल. घाण वाहून जाणार ती गावाबाहेर. याच्या छपरातली चित्रं कास्पार मेग्लिंगर यांनी १६२६ ते १६३५ या काळात काढली. विषय एकच, मृत्यू. हाडांचा सापळा कधी राजाचा, कधी व्यापाऱ्याचा, तर कधी नटलेल्या नवरीचा हात धरून घेऊन चालला आहे. प्लेगने गावंच्या गावं ओस पडण्याच्या काळातली ही चित्रं. चॅपल ब्रिजवरच्या चित्रांपेक्षा ही कितीतरी जास्त लक्षात राहतात.

याच पुलाच्या शेजारी नदीत एक गोष्ट आहे, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षही जात नाही. पाण्यात तिरक्या उभ्या केलेल्या लाकडी फळकुटांची एक लांब रांग दिसते. हा १८५९ ते १८६१ या काळात बांधलेला बांध. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून सरोवर भरू लागलं की कामगार यातली लाकडं एकेक करून हाताने उपसून काढतात, पाण्याला वाट मोकळी होते. पाणी उतरलं की ती पुन्हा जागेवर बसवतात. २००५ च्या पुरानंतर बाजूला आधुनिक दरवाजांची जोड दिली गेली, तरी लाकडांची ही पद्धत मोडीत काढलेली नाही. घड्याळांच्या देशात एवढ्या मोठ्या सरोवराची पातळी अजून थोडीफार हाताने राखली जाते, हे पाहून बरं वाटतं. याच रॉइसने १८ सप्टेंबर १६०१ रोजी वेगळाच अवतार दाखवला होता. भूकंपाने सरोवराच्या तळाशी आणि काठांवर दरडी घसरल्या, लाटा उसळल्या आणि शहरातलं नदीचं पात्र काही वेळ जवळजवळ कोरडं पडलं. रेनवार्ड सिसाट या शहराच्या चिटणिसाने ते लिहून ठेवलं, म्हणून आज गोड्या पाण्याच्या सरोवरांतल्या त्सुनामींचा अभ्यास करणाऱ्यांना त्याची नोंद मोलाची वाटते.

गावाच्या माथ्यावर मुसेग तटबंदीचा सुमारे ८७० मीटरचा तुकडा आणि नऊ बुरूज शिल्लक आहेत. उन्हाळी मोसमात त्यातल्या काही बुरुजांवर फुकट चढता येतं. एका बुरुजावरचं घड्याळ १५३५ सालचं आहे आणि त्याला एक जुना मान आहे : गावातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले द्यायचे. चढण दमवणारी आहे, पण वरून सरोवर, गाव आणि पिलाटस डोंगर एका नजरेत मावतात.

सिंहाच्या स्मारकाबद्दल मार्क ट्वेनने इतकं हळवं लिहून ठेवलं आहे, की त्यात भर घालणं अवघड. पण तो सिंह का मेला, हे ठाऊक असलं तर तो वेगळा दिसतो. फ्रान्सच्या राजाच्या पदरी स्विस पलटण होती. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये क्रांतिकारकांनी राजवाड्यावर चाल केली तेव्हा ती कापली गेली. खालच्या लेखात ७६० मेलेल्यांचा आणि ३५० वाचलेल्यांचा आकडा कोरला आहे. पलटणीतला एक अधिकारी त्या वेळी रजेवर लुसर्नला होता, म्हणून वाचला. पुढे त्यानेच स्मारकाचा ध्यास घेतला. आराखडा डॅनिश शिल्पकार बेर्तेल थोरवाल्डसेन यांचा, दगडातलं काम लुकास आहोर्न यांचं, आणि १८२१ मध्ये अनावरण. सिंहाच्या पाठीत भाला मोडून राहिलेला आहे आणि पंजा फ्रेंच राजघराण्याच्या ढालीवर. ज्याच्यासाठी मेले तो राजाही पुढे गिलोटिनखाली गेला. परक्या राजासाठी भाडोत्री म्हणून मरणाऱ्यांचं स्मारक करावं का, असा प्रश्न त्या काळातल्या उदारमतवादी स्विस लोकांनीही विचारला होता.

स्मारकाला लागूनच हिमनदी उद्यान आहे. १८७२ मध्ये एका गृहस्थाने दारूचं तळघर बांधायला खणायला घेतलं आणि खाली गुळगुळीत गोल खळगे सापडले. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे लगेच ओळखता येतील. फरक इतकाच, की निघोजचे नदीने कोरले आणि हे हिमनदीच्या तळाशी दाबाखाली भोवऱ्यासारखं फिरणाऱ्या पाण्याने. सर्वांत मोठा साडेनऊ मीटर खोल आहे. त्या गृहस्थाने तळघराचा बेत गुंडाळला आणि पुढच्याच वर्षी तिकीट लावून जागा लोकांना खुली केली. लुसर्नचा धंदा कसा चालतो, हे यावरून कळावं.

जवळच्याच एका गोल इमारतीत बूरबाकी पॅनोरमा आहे. ११२ मीटर लांब आणि दहा मीटर उंच असं एकच गोलाकार चित्र. मधोमध उभं राहायचं आणि भोवताली बघायचं. एदुआर कास्त्र यांनी १८८१ मध्ये मदतनिसांना घेऊन ते रंगवलं. १८७१ च्या हिवाळ्यात जर्मनांकडून हरलेलं सुमारे ८७ हजारांचं फ्रेंच सैन्य शस्त्रं खाली ठेवून स्वित्झर्लंडमध्ये शिरलं, तो प्रसंग त्यात आहे. शस्त्रांचे ढीग, गारठलेले घोडे, सूप घेऊन आलेल्या गावातल्या बायका. सिनेमा यायच्या आधी लोक तिकीट काढून असलं काही बघत. सहलींच्या यादीत हे सहसा नसतं, आणि ते नसणं ही मोठी चूक आहे.

आता आगबोटी. सरोवरावर पहिली वाफेची बोट १८३७ मध्ये आली. आज बऱ्याच बोटी डिझेलच्या असल्या, तरी पाच जुन्या चाकांच्या आगबोटी अजून नियमित फेऱ्या मारतात : उरी १९०१ ची, उंटरवाल्डन १९०२ ची, शिलर १९०६ ची, गालिया १९१३ ची आणि श्टाट लुसर्न १९२८ ची. या संग्रहालयातल्या वस्तू नाहीत. लोक त्यांतून खरोखर या गावाहून त्या गावाला जातात. वेळापत्रकात वाफेच्या फेऱ्यांवर वेगळी खूण असते, ती बघूनच चढावं. बोटीत शिरलं की वरच्या डेकवर जागा धरायला धावू नये. आधी मधोमध जावं. तिथे कठड्याखाली सगळं इंजिन उघडं ठेवलेलं असतं. चकचकीत पोलादी दांडे तिरके पुढे-मागे सरकतात, एवढ्या थोरल्या आसाला फिरवतात आणि दोन्ही बाजूंची चाकं पाणी मारू लागतात. तेलाचा वास असतो, ऊब असते, आणि आवाज मात्र अगदी थोडा. वाफेचं इंजिन डिझेलसारखं खडखडत नाही. पोरंटोरं आणि निवृत्त इंजिनिअर त्या कठड्याला टेकून अर्धा-अर्धा तास हलत नाहीत. उंटरवाल्डन बोटीला तर पिलाटसकडे जाताना वाटेतल्या बुटक्या पुलाखालून जायचं असतं, त्यासाठी तिचं धुरांडं खाली घेण्याची सोय केलेली आहे.

बोटीने व्हित्सनाऊला उतरलं की समोरच रिगीची गाडी उभी असते. रिगी म्हणजे १,७९८ मीटरचा, तसा किरकोळ डोंगर. पण त्याच्या माथ्यावरून सूर्योदय बघण्याचं वेड एकोणिसाव्या शतकात सगळ्या युरोपला लागलं होतं. थॉमस कुकने १८६३ मध्ये स्वित्झर्लंडची पहिली मार्गदर्शित सहल काढली, तिच्यातली मंडळीही रिगीवर मुक्कामाला होती. आजच्या आपल्या ग्रुप टूरचं मूळ धरायचं तर ते इथवर येतं. १८६८ मध्ये राणी व्हिक्टोरिया टोपणनाव घेऊन लुसर्नला राहिली आणि घोड्या-खेचरांवरून रिगी, पिलाटस फिरून आली. तिला आणखी तीन वर्षं थांबता आलं असतं, तर एवढा त्रास पडला नसता. २१ मे १८७१ रोजी निकलाउस रिगेनबाख यांची दातेरी गाडी रिगीवर चढली. डोंगर चढणारी ती युरोपातली पहिली दातेरी रेल्वे. दोन रुळांच्या मधे शिडीसारखा तिसरा रूळ, इंजिनाखालचं दंतचक्र त्याच्या पायऱ्यांत अडकत-अडकत वर सरकतं, अशी रचना.

रिगेनबाख यांचा भारताशीही संबंध आला. १८८२ मध्ये त्यांनी नीलगिरीच्या रेल्वेसाठी आराखडा दिला होता. तो मार्गी लागला नाही. पुढे १८९९ मध्ये मेट्टुपालयम ते कुन्नूर गाडी धावली ती रोमान आब्ट यांच्या पद्धतीने, आणि हे आब्ट रिगेनबाख यांच्याच हाताखाली तयार झालेले. उटीच्या गाडीची बरीच वाफेची इंजिनंही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला बनली. उटीच्या डब्यात बसून आलेल्यांना रिगीवरचा तो खास ‘कटकट’ आवाज ओळखीचा वाटेल.

पिलाटसचं प्रकरण निराळं. हा डोंगर थेट शहराच्या डोक्यावर उभा. मध्ययुगात लोक त्याला घाबरत. येशूला क्रुसावर चढवणारा पाँटियस पिलाट याचं भूत वरच्या तळ्यात राहतं, त्याला डिवचलं तर वादळं येतात, अशी समजूत होती. वर जायला बंदी होती. १३८७ मध्ये सहा धर्मगुरू वर चढले म्हणून त्यांना तुरुंगात टाकल्याची नोंद आहे. शेवटी १५८५ मध्ये लुसर्नच्या एका पाद्र्याने लोकांना घेऊन तळं गाठलं, त्यात दगड भिरकावले, भुताला आव्हान दिलं. काहीच झालं नाही. काही वर्षांनी खबरदारी म्हणून तळ्याचं पाणीही सोडून देण्यात आलं.

भूत गेलं, पण चढ राहिला. आल्पनाखश्टाडहून वर जाणाऱ्या वाटेवर काही जागी शंभर मीटर पुढे जाताना ४८ मीटर वर चढावं लागतं. रिगीची पद्धत इथे चालणार नव्हती. एवढ्या चढावर वरून अडकणारं दंतचक्र दात्यांतून उसळून बाहेर येण्याचा धोका. एडुआर्ड लोखर या इंजिनिअरने दातेरी रूळ आडवा निजवला, त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही कडांना दाते पाडले आणि दोन चक्रं आडवी बसवून त्याला दोन्हीकडून चिमटीत धरलं. चढ कितीही वाढला तरी चिमटी सुटण्याची भीती राहिली नाही, आणि कड्यावरच्या सोसाट्याच्या वाऱ्यातही गाडी उलटायला धजत नाही. अडचण एकच : असल्या रुळावर नेहमीचे सांधे बसवता येत नाहीत. गाडीला दुसऱ्या रुळावर न्यायचं, तर रुळाचा अख्खा तुकडा सरकवावा किंवा उलटा करावा लागतो. ४ जून १८८९ रोजी गाडी सुरू झाली. १९३७ मध्ये वाफ जाऊन वीज आली, अलीकडे नवे डबेही आले, पण लोखरचे दाते तेच. जगातली सर्वांत खड्या चढाची दातेरी रेल्वे हा मान आजही तिच्याकडे आहे. डबे आतून जिन्यासारखे पायऱ्यांनी बांधलेले, आणि फलाटही तसेच.

इथे येणाऱ्याने जायची आणि यायची वाट एकच ठेवू नये. लुसर्नहून बोटीने आल्पनाखश्टाड, तिथून दातेरी गाडीने माथा, उतरताना पलीकडच्या अंगाने केबल कार आणि मग लहान केबिनींतून क्रिएन्स, आणि शेवटी साध्या बसने लुसर्न. एका दिवसात पाणी, रूळ, दोर आणि रस्ता, चारही होतात.

दोरावरच्या प्रयोगांची हौस या भागात अजून फिटलेली नाही. श्टान्सरहॉर्नवर आधी १८९३ ची लाकडी डब्यांची गाडी आणि मग २०१२ पासून वरचा मजला उघडा असलेली केबल कार. उघड्या मजल्याची ती जगातली पहिलीच. टिटलिसवर १९९२ पासून स्वतःभोवती फिरणारी केबिन. टिटलिसचं स्थानक तीन हजार मीटरच्या वर असल्याने तिथे उन्हाळ्यातही बर्फ असतं, आणि भारतीयांची गर्दी एवढी, की शाहरुख-काजोलचा पुठ्ठ्याचा ‘दिलवाले दुल्हनिया’ जोडा फोटोसाठी उभा करून ठेवला आहे. बर्फच बघायचं असेल तर टिटलिस ठीक. यंत्रं बघायची असतील, तर पिलाटस उजवा.

सरोवराच्या दक्षिणेकडच्या हातात, उंच कड्यांच्या मधे, बोट रुटलीला थांबते. दिसायला साधं गवताळ माळरान. १२९१ मध्ये तीन प्रांतांच्या लोकांनी इथे शपथ घेतली आणि स्वित्झर्लंडचा पाया घातला, अशी परंपरा. १८५९ मध्ये इथे हॉटेल उभं राहायची वेळ आली होती. तेव्हा वर्गणी काढून जागा विकत घेतली गेली आणि राष्ट्राला देऊन टाकली. त्या वर्गणीत शाळकरी मुलांचा मोठा वाटा होता. १९९१ मध्ये सातशे वर्षं झाली तेव्हा इथून सरोवराच्या कडेने ब्रुनेनपर्यंत ३५ किलोमीटरची पायवाट आखली. हिशोब असा, की दर स्विस नागरिकामागे पाच मिलिमीटर वाट.

पाऊस लागला तर वाहन संग्रहालय आहेच. १९५९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय आगगाड्या, विमानं, बोटी, मोटारी यांनी खच्चून भरलेलं आहे. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस सहज जातो. संगीताची आवड असणाऱ्यांनी ट्रिब्शेनला जावं. रिखार्ड वाग्नर १८६६ ते १८७२ या काळात त्या घरात राहिला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींनी गिळला, साल्झबुर्गला जायचं नाही असं आर्तुरो तोस्कानिनीने ठरवलं आणि याच घरापुढच्या हिरवळीवर कार्यक्रम केला. लुसर्नच्या संगीत महोत्सवाची सुरुवात तिथून धरतात. आज तो भरतो स्टेशनशेजारच्या, ज्याँ नूव्हेल यांनी रचलेल्या सभागृहात. तिकीट परवडलं नाही तरी त्याच्या पाण्यावर झेपावणाऱ्या अवाढव्य छपराखाली बसायला पैसे पडत नाहीत.

पैसे न पडणाऱ्या गोष्टी इथे मोजक्या, म्हणून सांगून ठेवलेल्या बऱ्या. स्टेशनपासून थोड्या अंतरावरच्या उफ्श्योटी बागेत उन्हाळ्यात सगळं गाव पाण्यात उतरतं. चौकाचौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही. हॉटेलात मुक्काम केला की शहरातल्या बसचा पास मोफत मिळतो. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोटी, रिगी आणि श्टान्सरहॉर्न त्यातच धरलेले आहेत. पिलाटस आणि टिटलिसला सवलत मिळते.

लुसर्नला दोन रात्री तरी द्याव्यात, आणि डोंगराचं तिकीट आदल्या दिवशी न काढता सकाळी माथ्यावरचा कॅमेरा बघून काढावं. शरद आणि हिवाळ्यात शहर धुक्यात बुडालेलं असताना वर लख्ख ऊन असू शकतं. पिलाटसची दातेरी गाडी मात्र साधारण मे ते नोव्हेंबर एवढीच चालते; नाताळात जाणाऱ्यांना केबल कारवर समाधान मानावं लागतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत बेत आखणाऱ्यांनी ती कोणत्या तारखेला बंद होणार, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी बघून घ्यावं.